पाण्याची घंटा

जानेवारी महिन्यात तिसऱ्यांदा मिन्हा माझ्या खोलीतल्या बाकावर पोट धरून आडवी झाली, आणि तिथून माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षाची जी वाट लागली ती लागलीच.

मिन्हा तिसरीतली. अंगाने शेवग्याच्या शेंगेसारखी, डोळे मात्र मोठाले, एखाद्या थोराड मुलीचे चुकून हिला दिल्यासारखे. तिचा बाप अषरफ रिक्षा चालवतो आणि आमची निम्मी शाळा त्याच्या रिक्षातून दोन खेपांत उतरते. निम्मी शाळा ऐकून दचकू नका. तालिक्कुन्नच्या आमच्या प्राथमिक शाळेत पहिली ते चौथी मिळून एकेचाळीस मुलं. मी गोविंदनकुट्टी, तिथला मुख्याध्यापक. गावात मला 'माष', म्हणजे मास्तर, म्हणतात, घरीही माषच म्हणतात, आणि उद्या तिरडीवर ठेवतानाही कुणीतरी 'माषना जरा डावीकडे घ्या' असंच म्हणेल.

आरोग्य केंद्रातल्या सिस्टर आल्या. त्यांनी मिन्हाची जीभ पाहिली, सुकलेले ओठ पाहिले, आणि मग माझ्याकडे असं पाहिलं, जणू ते पोट मीच दुखवलं असावं.

"ही पोर शाळेत पाणीच पीत नाही, माष. सकाळपासून एक घोट नाही. असंच चाललं तर मूत्रपिंडावर जाईल. हिला पाणी प्यायला लावा."

काम एवढंच होतं. एका पोरीला पाणी प्यायला लावायचं. शहाण्या माणसाने तिच्याजवळ बसून विचारलं असतं, का गं, पाणी का पीत नाहीस? पण मी मुख्याध्यापक. मी योजना आखली.

आमच्याकडे काही शाळांत पाण्याची घंटा असते. दिवसातून तीनदा ती वाजते, मुलं हातातलं काम खाली ठेवतात आणि बाटलीतलं पाणी पितात. आमच्या शाळेत ती का नाही, असा प्रश्न मला त्या दुपारी पहिल्यांदा पडला. खरं कारण सांगतो, आता लपवून काय करू? मे महिन्यात मी निवृत्त होणार होतो. शाळेचा वार्षिक दिवस आणि माझा निरोप एकाच मांडवात, मार्चच्या सुरुवातीला. माझ्या आधीच्या मुख्याध्यापकांनी मागे ध्वजस्तंभ ठेवला, त्यांच्या आधीच्यांनी विहिरीला कठडा. माझ्यामागे फक्त माझी छत्री राहिली असती.

पालक समितीची सभा बोलावली. विषय एकच, पाणी. तासाभरात उरकेल असं मला वाटलं. बत्तीस वर्षं या मातीत नोकरी करून मला असं वाटलं, यावरून माझी बुद्धी कळते.

आमच्याकडे पाणी कोणी नुसतं पीत नाही. ते उकळावं लागतं आणि उकळताना त्यात काहीतरी पडावं लागतं. घरोघरी त्यावरून दोन तट. समितीचे अध्यक्ष नंब्यार जिऱ्याचे. त्यांच्या घरात तीन पिढ्या जिऱ्याच्या पाण्यावर वाढल्या आणि कुणालाही चष्मा नाही. वॉर्डातल्या सभासदबाई पतिमुखाच्या लाकडाच्या, म्हणजे ज्याने पाणी गुलाबी-लाल होतं त्या.

"लाल पाण्याने रक्त शुद्ध होतं," बाई म्हणाल्या.

"रक्त शुद्ध होतं की मतं लाल होतात?" नंब्यार म्हणाले. "शाळेच्या पाण्यात पक्षाचा रंग चालणार नाही, माष, आत्ताच सांगून ठेवतो."

"मग जिऱ्याचं पिवळं पाणी कुणाचं? तुमच्या सोसायटीच्या निवडणुकीचं?"

अडीच तास. चहाच्या दोन फेऱ्या. एकाने सभात्याग केला, आणि छत्री विसरली म्हणून परत येऊन पुन्हा त्याग केला. शेवटी मी तोडगा काढला: सोमवार-बुधवार-शुक्रवार जिरं, मंगळवार-गुरुवार लाल. टाळ्या वाजल्या. स्वयंपाकघराच्या दारातून कार्त्यायनी चेची हे सगळं ऐकत उभी होती. शाळेचा खिचडी-भात तीच रांधते, वीस वर्षं; चेची म्हणजे ताई, सगळ्या शाळेची.

"माष, चूल एकच आहे," ती म्हणाली. "भात शिजवू की पाण्याचं रंगकाम करू?"

मी म्हटलं, "चेची, हे आरोग्याचं काम आहे."

"हो का? मला वाटलं पाण्याचं आहे," असं म्हणून ती आत गेली.

उद्घाटन झालं. आमच्याकडे दिव्याशिवाय काही सुरू होत नाही. समई आली, तेल आलं, स्वागत, प्रास्ताविक, अध्यक्षीय, आशीर्वादपर, आभार. मुलं उन्हात पाऊण तास बसली आणि त्यातल्या दोघांना पाण्यावाचून भोवळ आली. मग मी व्हरांड्यात टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर तीन टोले दिले आणि मुलांनी मी रचलेलं गाणं म्हटलं:

ठण ठण घंटा वाजे, ऊन आलं गं दारात,
घोट घोट पाणी प्यावं, सोनं उतरे घशात.

सुलेखा टीचर तिसरीच्या वर्गशिक्षिका. त्यांनी हळूच विचारलं, "माष, सोनं कशाला? ते घशात अडकेल ना?" टीचर चांगल्या आहेत, पण काव्यात कच्च्या.

प्रत्येक वर्गात तक्ता लावला. बाटली रिकामी करणाऱ्याच्या नावापुढे एक कागदी चांदणी. पहिल्या आठवड्याचे तक्ते मी स्वतः तपासले आणि माझा ऊर भरून आला. सगळ्या शाळेत सगळ्यात जास्त चांदण्या मिन्हाच्या. दिवसाला तीन, एकही खाडा नाही. मी तिला बोलावून तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"पोट दुखतं का गं आता?"

तिने मान हलवली. ती होय म्हणून हलवली की नाही म्हणून, हे त्या मोठ्या डोळ्यांपुढे मला नीट दिसलं नाही. मी ती 'नाही'च धरली.

आता पुढची गंमत. एकेचाळीस मुलं एकाच वेळी पाणी प्यायली तर अर्ध्या तासाने काय होईल, हे ज्याला कळतं तो मुख्याध्यापक होत नसावा. आमच्या मैदानाच्या कडेला मुलांचा एक संडास आणि मुलींचा एक, दोन्हींना पत्र्याची दारं. तिसरा शिक्षकांचा. त्याला कुलूप, आत बादली, साबण, कडी, सगळं. त्याची किल्ली माझ्या खुर्चीमागे खिळ्यावर. रांग आंब्याच्या झाडापर्यंत गेली. चौथीची कवायत रांगेतच उरकू लागली. अकराच्या गणिताला सगळ्या वर्गांत मिळून नऊ मुलं आणि रांगेत बत्तीस, म्हणून सुलेखा टीचरनी वजाबाकी रांगेतच शिकवली. गावाने सल्ले सुरू केले. चहाच्या टपरीवर एक म्हणाला, पहिली-दुसरीला पाणी बंद करा. दुसरा म्हणाला, उकळू नका, उकळलेलं लवकर उतरतं. नंब्यार म्हणाले, पाण्याची घंटा झाली, आता पाण्यानंतरचीही एक घंटा करा, आणि तिचं उद्घाटन मात्र मला सांगू नका.

मी दुखावलो. पण पंचायतीला अर्ज केला. माझ्या सुवाच्य अक्षरात: 'मुलींच्या स्वच्छतागृहाची दुरुस्ती होणेबाबत. छप्पर, भिंत, फरशी, दार, कडी इत्यादी.' ही 'कडी' मी स्वतःच्या हाताने लिहिली, हे लक्षात ठेवा. 'इत्यादी'च्या अलीकडे.

दहा दिवसांनी पंचायतीचे ओव्हरसिअर पवित्रन आले. फाईल उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

"माष, अडचण आहे. आमच्या नोंदवहीत हा संडास नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तो नाहीच."

"पवित्रन, तो समोर दिसतोय. त्याच्यापुढे रांग दिसतेय."

"रांग दिसतेय," ते समजुतीने म्हणाले. "पण जो नाही त्याची दुरुस्ती कशी दाखवू? आधी तो आहे असं सिद्ध करू, मग तो मोडलाय असं सिद्ध करू. वरून पाहणी येईल. तोवर कशालाही हात लावू नका. आहे तसंच राहू द्या. मोडकं मोडकंच दिसलं पाहिजे."

जाताजाता त्यांना मुलींच्या संडासाचं दार दिसलं. आतल्या बाजूला, कडीच्या जागी, काथ्याच्या दोरीचा फास होता आणि चौकटीत एक खिळा. फास खिळ्यात अडकवला की दार बंद. त्या आठवड्यात मुलींनी सांगितलं म्हणून कार्त्यायनी चेचीने तो बांधला होता.

"हे काय? ही तर दुरुस्ती झाली!" पवित्रन म्हणाले. "वरचे म्हणतील, काम भागतंय की."

मी त्यांच्यासमोर दोरी सोडली. खिळाही उपटला. चेची चुलीपाशी होती. सोडलेली दोरी मी तिला नेऊन दिली तेव्हा तिने ती हातात घेतली, माझ्याकडे पाहिलं, आणि लाकडांची मोळी बांधायला वापरली.

मला वाटलं, शासनाच्या कामात थोडा त्रास सोसावा लागतो. सोसणार कोण, हा तपशील मी पाहिला नाही.

फेब्रुवारीत विहीर खाली गेली. शाळेची भाजीची बाग आम्ही सोडून दिली; भेंडी वाळली, वांगी वाळली. फक्त तिसरीच्या खिडकीखाली तोंडलीचा एक वेल होता, तो असा माजला की गजांतून आत येऊन नकाशावर चढला. त्या दोरीच्या आठवड्यात तो जरा मलूल दिसला होता, पण पुन्हा तरारला. कृषी कार्यालयाचे अधिकारी शाळांच्या बागा पाहत हिंडत होते. ते त्या वेलापुढे उभेच राहिले.

"माष, या उन्हात? काय घालता याला?"

"लक्ष घालतो," मी म्हणालो.

त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि म्हणाले, मार्चअखेर पुन्हा येतो, वेल असाच असेल तर तालुक्याचं बक्षीस तुमचं. मागे कार्त्यायनी चेची तोंडली तोडत होती. ती नेहमीच काही ना काही गुणगुणते. तिच्या आईची भात लावायची गाणी, त्यात स्वतःची भर.

वेल वाढला वाढला, खिडकीच्या गजाशी गेला,
कुणाची गं तहान बाई, कोण मुळाशी प्याला.

"चाल छान आहे, चेची," मी म्हणालो.

"शब्द पण आहेत, माष," ती म्हणाली.

मार्चच्या पहिल्या शनिवारी वार्षिक दिवस झाला. माझ्या गळ्यात तीन हार पडले, एक शाल आली. नंब्यारांनी माझ्या कारकिर्दीची तुलना नदीशी केली, आणि ओघात ती नदी उन्हाळ्यात आटते हेही सांगून टाकलं. मग शेवटचं बक्षीस: सर्वांत जास्त चांदण्या. मिन्हा पुढे आली. रंगमंचाच्या दिव्यात तिचा चेहरा पिठासारखा दिसत होता. मी तिच्या हातात स्टीलची नवी बाटली दिली. बाटली भरलेली होती. समारंभाची म्हणून लाल पाण्याने. सगळे ओरडले, पी! पी! तिने माझ्याकडे पाहिलं. मी हसून मान डोलावली. तिने दोन घोट घेतले, आणि मैदानाच्या कडेकडे, पत्र्याच्या दाराकडे, एकदा पाहिलं.

मी ते पाहिलं होतं. पाहिलं आणि पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं.

सोमवारी अषरफची रिक्षा आली नाही. मुलं चालत, घामेजून आली. मिन्हाला हुडहुडी भरून ताप, जिल्ह्याच्या इस्पितळात नेलंय, एवढंच कळलं. उन्हाचा ताप असेल, असं मी म्हटलं. मंगळवारी घंटा वाजवली, तक्ते भरले. गुरुवारी सकाळी तिसरीच्या खिडकीशी गेलो तर वेल मान टाकून गजांवर लोंबत होता. पानं कागदासारखी. मी तडक स्वयंपाकघरात गेलो.

"चेची! वेलाला चार दिवस पाणी नाही? तालुक्याचं बक्षीस आहे त्याच्यावर!"

"मी कधी घालत होते?"

"मग कोण घालत होतं?"

तिने झारा खाली ठेवला. "माष, ती पोर. तुमची घंटा वाजली की बाटली खिडकीबाहेर उपडी करायची. तीन वेळा. मी खाली आळं करत असले तर माझ्याच डोक्यावर. मी म्हटलं, पोरीला वेलाची माया आहे. थोडं पीत असेल, थोडं घालत असेल."

"मला सांगायचं नाही?"

"तुम्हाला काय सांगायचं? तुमच्याकडे चांदण्या होत्या."

त्या दिवशी मी दुपारची घंटा वाजवली नाही. थर्मासमध्ये पाणी भरलं, जिऱ्याचं की लाल ते बघितलंही नाही, आणि बस धरली.

इस्पितळाच्या व्हरांड्यात अषरफ भिंतीला टेकून उभा होता. मला पाहून त्याने बाकावरचा टॉवेल उचलून जागा केली. एवढा अदबशीर माणूस रागावला की फार वाईट.

"बसा, माष. मूत्रपिंडांना सूज आहे. एकाला डाग राहील म्हणाले. औषध वर्षभर, तपासण्या किती वर्षं ते देवाला ठाऊक." मग टॉवेलची घडी घालत, "डॉक्टरनी विचारलं, पोर पाणी पीत नव्हती का. मी म्हटलं, साहेब, शाळेने बक्षीस दिलंय तिला पाणी पिण्याचं."

मिन्हा खाटेवर एवढीशी झाली होती. हाताला सुई. बक्षिसाची बाटली उशाशी.

"माष, वेलाला पाणी कोण घालतं?" तिने पहिलं हेच विचारलं.

"घालतात कुणीतरी." मी खाली बसलो. आणि मग जानेवारीतला प्रश्न मार्चमध्ये विचारला. "मोळे, पोरी, तू पाणी का पीत नव्हतीस?"

ती छताकडे बघत अगदी बारीक आवाजात म्हणाली, "प्यायलं की जावं लागतं. आतून कडी नाही."

"मग बाकीच्या मुली?"

"त्या दोघी-दोघी जातात. एक दार धरते. माझं अंजना धरायची."

अंजना ओणमच्या सुट्टीनंतर शहरातल्या शाळेत गेली. तिचा दाखला मीच लिहिला. तिसरीत चार मुली होत्या, तीन उरल्या. दोघींची जोडी, आणि एक ही. पटसंख्या एकने घटली म्हणून मी तेव्हा वरिष्ठांना तीन पत्रं पाठवली होती. त्यांत हे नव्हतं.

"एकदा एकटी गेले तर वाऱ्याने दार उघडलं. समोर चौथीची कवायत होती. सगळे हसले." सांगताना तिचे कान लाल झाले. "मग चेचीने दोरी बांधली ना, तेव्हा मी प्यायचे. सगळं प्यायचे. वेलाला पण नाही दिलं. मग दोरी गेली."

"कुणी काढली दोरी?" दारात उभ्या अषरफने विचारलं.

आयुष्यात मी भाषणं पुष्कळ केली. त्या प्रश्नाला एकच शब्द होता आणि तो तोंडातून निघायला सगळ्या भाषणांपेक्षा जास्त वेळ लागला.

"मी."

अषरफने थर्मास हातात घेतला, झाकणात पाणी ओतलं आणि आधी मला दिलं.

परत येताना मी बाजारात उतरलो आणि एक कडी घेतली. पितळी, बोटाएवढी. दुकानदाराने ती कागदाच्या चिटोऱ्यात गुंडाळून दिली. एवढीशी पुडी, शर्टाच्या खिशात मावली आणि घरी पोचेपर्यंत छातीला टोचत राहिली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी स्क्रू पिळायला बसलो. मुख्याध्यापकाच्या हाताला पिळायची सवय असते, पण ती निराळी. पहिला स्क्रू वाकडा गेला, दुसरा पत्र्यातून पार बाहेर आला, तिसऱ्याने माझा अंगठा घेतला. शेवटी कडी बसली. कार्त्यायनी चेची येऊन बघून गेली, परत आली.

"हे कुणासाठी, माष? तुमच्यासाठी?"

कडी माझ्या छातीच्या उंचीवर होती.

मग मी कार्यालयात गेलो आणि आरोग्य नोंदवही काढली. वर्षातून दोनदा आम्ही प्रत्येक मुलाची उंची-वजन त्यात लिहितो, सही करतो आणि कपाटात ठेवतो. बत्तीस वर्षांत त्या वहीतला आकडा कुणाच्या कामी आलेला मी पाहिला नव्हता. तिसरी, मुली, मिन्हा: एकशे अठरा सेंटिमीटर. मी पट्टीने दारावर खूण केली. मग वाटलं, हात वर करून नाही, सहज पोचला पाहिजे. खूण आणखी वीतभर खाली घेतली आणि कडी काढून तिथे बसवली. अंगठ्याचं रक्त पत्र्याला लागलं. ते चेचीने राखेने पुसलं, आणि वरची भोकं मेणाने बुजवली.

कडी बसून तीन दिवस झाले आणि वरची पाहणी आली. नेमकी. पवित्रननी कपाळाला हात लावला.

"माष! सांगितलं होतं ना, हात लावू नका? आता फाईल बाद. नवा संडास गेला. एका कडीपायी!"

"लिहा," मी म्हणालो, "मुख्याध्यापकांनी नसलेल्या संडासाला कडी लावली."

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, परीक्षेच्या दिवसांत, मिन्हा आली. अषरफने तिला फाटकाशी सोडलं, मला नमस्कार केला, पण रिक्षा थांबवली नाही. अजूनही थांबवत नाही. तक्ते मी काढून टाकले होते. घंटा वाजली. मी तिसरीच्या दारात उभा राहिलो. तिने दप्तरातून बाटली काढली, खिडकीकडे पाहिलं. खिडकीत वेलाच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या. तिने बाटली तोंडाला लावली. औषधासारखं तोंड करून प्यायली, पण प्यायली. अर्ध्या तासाने हात वर केला, टीचरनी मान हलवली, आणि ती उन्हातून एकटी चालत गेली. दार लागलं. मग तो आवाज आला. खट्. अगदी लहान.

मी व्हरांड्यात उगीच रुळाच्या तुकड्यावरची धूळ झटकत उभा राहिलो.

त्याच दुपारी कृषी अधिकारी आले. मोठ्या उत्साहाने तिसरीच्या खिडकीशी गेले, आणि काड्यांपुढे थबकले.

"माष, काय हे? पाणी घातलं नाही?"

"नाही."

"विहीर आटली?"

"नाही. ते पाणी पोरगी प्यायली."

त्यांना वाटलं, म्हातारा निवृत्तीच्या दुःखाने बडबडतोय. त्यांनी माझ्याकडे करुणेने पाहिलं, वही उघडली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'चांगले रोप होते. मुख्याध्यापकांचे लक्ष नव्हते.' मग वही माझ्यापुढे केली. "वाचून सही करा. हरकत असेल तर खाली लिहा."

मी वाचलं. दोनदा वाचलं. हरकत घेण्यासारखं त्यात काही नव्हतं. मी सही केली.